एवढा गोंगाट, तरी एवढा गोडवा : उन्हाळ्यात ‘हिस्टेरिया’ ऐकताना

हार्ड रॉक म्हटलं की बहुतेकांना आधी आवाज आठवतो. खरखरीत गिटारी, दणदणीत ड्रम, गळा ताणून गाणारा गायक. यात चाल कुठे असते, असं विचारणारे माझ्या घरातही आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांना हे संगीत आवडतं पण का आवडतं ते नेमकं सांगता येत नाही, त्यांच्यासाठीही. या संगीताच्या एका शाखेला मेलडिक हार्ड रॉक म्हणतात. तिच्यात गिटार तितकीच जोरकस असते, पण गाण्याचा जीव चालीत असतो. ही शाखा उन्हाळ्यात जेवढी खुलते तेवढी दुसऱ्या कुठल्याच ऋतूत खुलत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यात मनःस्थितीचा भाग आहेच, पण ध्वनीची काही साधी कारणंही आहेत. ती समजायला एकच अल्बम पुरे: डेफ लेपर्ड या इंग्लिश बँडचा ‘हिस्टेरिया’.

हा अल्बम ३ ऑगस्ट १९८७ रोजी आला. गाणी १२, एकूण वेळ ६२ मिनिटांच्या आसपास. एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी २० लाख प्रतींची अधिकृत नोंद आहे आणि जगभरातला आकडा २ कोटींच्या वर जातो. बारापैकी सात गाणी अमेरिकेत सिंगल म्हणून स्वतंत्रपणे निघाली. बँड शेफिल्डचा, म्हणजे इंग्लंडमधल्या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरातला, १९७७च्या सुमारास जमलेला. गायक जो इलियट, गिटारवर स्टीव्ह क्लार्क आणि फिल कॉलन, बेसवर रिक सॅव्हेज, ड्रमवर रिक ॲलन.

एवढी ओळख बास. आता मुद्द्याकडे येऊ. ‘हार्ड’ आणि ‘मेलडिक’ या दोन गोष्टी मुळात एकमेकींच्या आड येतात.

गिटारमधला हरवलेला गंधार

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरला पेलवणार नाही इतका वाढवला की ध्वनिलहरींची टोकं छाटली जातात. गोलसर लहर चपटी होते आणि मूळ स्वरात नसलेले नवे स्वर त्यात तयार होतात. हेच डिस्टॉर्शन. हार्ड रॉकची खरखर, त्याचा भरीवपणा इथून येतो. एकच तार छेडली तर हे नवे स्वर मूळ स्वराच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे असतात. त्यामुळे आवाज जाड होतो, पण बेसूर होत नाही. दोन तारा एकदम छेडल्या की मात्र दोन्ही स्वरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही उमटतात.

समजा षड्ज सेकंदाला ११० कंपनांचा आहे. त्याचा पंचम १६५चा. दोन्हींची वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. बेरीज २७५, म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. नवे आलेले दोन्ही स्वर सुरातच बसतात. म्हणून हार्ड रॉकचे गिटारवादक बहुतेक वेळा फक्त सा आणि प एकत्र वाजवतात. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात; कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले स्वर. आपला तानपुराही पुष्कळदा याच दोन स्वरांवर लावतात, आणि तो चांगला जुळला की त्यात कुणीही न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो. तिथे तो मुख्यतः खर्जाच्या तारेच्या पाचव्या उपस्वरातून, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपटीच्या स्वरातून येतो, हा फरक आहे. पण सा आणि प यांची जोडी इतकी निर्मळ का वाटते, हे तानपुऱ्याजवळ बसलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

आता याच डिस्टॉर्शनमध्ये गंधार प्रत्यक्ष वाजवून बघा. गिटारवरचा गंधार १३८च्या थोडा वर येतो. षड्जाशी त्याची बेरीज २४८च्या आसपास, म्हणजे रिषभाजवळ. पंचमाशी त्याची बेरीज ३०३च्या आसपास, म्हणजे शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या अधेमधे कुठेतरी. कॉर्डमध्ये नसलेले स्वर एकमेकांवर आदळू लागतात आणि आवाज गढूळ होतो. म्हणून बिचारा गंधार बाहेर.

पण पाश्चात्त्य संगीतात गाण्याचा भाव ठरवण्याचं मोठं काम गंधारच करतो. शुद्ध असेल तर कॉर्ड उजळ वाटते, कोमल असेल तर उदास. सा आणि प ताकद देतात, भाव देत नाहीत. थोडक्यात जोर हवा असेल तर गंधार सोडावा लागतो आणि गोडवा हवा असेल तर गंधारावाचून चालत नाही. मेलडिक हार्ड रॉकची सगळी कारागिरी ही अडचण सोडवण्यात आहे, आणि ‘हिस्टेरिया’ने ती जितक्या चिकाटीने सोडवली तितकी माझ्या ऐकण्यात तरी दुसऱ्या कुणी सोडवलेली नाही.

मट लँग नावाचा माणूस

या अल्बमचा निर्माता रॉबर्ट जॉन लँग, संगीतविश्वात ‘मट’ या नावाने ओळखला जाणारा. जन्म तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात. त्याने १९८० साली एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ घडवला, १९८१ साली फॉरिनरचा ‘४’ आणि पुढे १९९७ साली शनाया ट्वेनचा ‘कम ऑन ओव्हर’. इथे निर्माता म्हणजे पैसे लावणारा नव्हे. चाल दुरुस्त करणारा, वाद्यं कशी वाजवायची ते ठरवणारा, मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रण करायला लावणारा माणूस. ‘हिस्टेरिया’च्या बाराही गाण्यांच्या श्रेयनामावलीत बँडच्या सदस्यांच्या बरोबरीने त्याचं नाव आहे.

मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मधली सात गाणी अमेरिकेत पहिल्या दहांत पोहोचली होती. हार्ड रॉकचा तसा अल्बम करायचा, एकही गाणं भरतीचं ठेवायचं नाही, प्रत्येक गाणं रेडिओवर स्वतंत्रपणे उभं राहिलं पाहिजे, असा लँग आणि बँडचा निश्चय होता. पण १९८४ साली काम सुरू व्हायच्या वेळी लँग थकून बाजूला झाला. जिम स्टाइनमन या दुसऱ्या निर्मात्याबरोबर प्रयत्न झाला, तो जमला नाही. पुढे लँग परतला आणि हॉलंडमधलं हिल्वर्सम, आयर्लंडमधलं डब्लिन अशा ठिकाणी काम चालत राहिलं. एकट्या ‘ॲनिमल’ या गाण्याचा सूर सापडायला जवळपास तीन वर्षं लागली. ऐकताना ते एका दुपारी सुचल्यासारखं वाटतं, हे मला फार मोठं वाटतं.

गंधाराची अडचण दोन वाटांनी सुटली. पहिली वाट गळ्याची. गिटारी सा आणि प धरून ठेवतात आणि ध्रुवपदात अनेक आवाजांचे थर मिळून गंधार घेतात. बँडचे सदस्य आणि खुद्द लँग एकेक ओळ वेगवेगळ्या उंचीवर पुन्हा पुन्हा गात, आणि ते सगळं एकावर एक चढवलं जाई. त्यामुळे या अल्बममधलं ध्रुवपद एका माणसाचं वाटत नाही. स्टेडियमच्या कठड्यावर उभा असलेला अख्खा जमाव सुरात गातोय असं वाटतं.

दुसरी वाट गिटारची, आणि ती जास्त हट्टी आहे. कॉर्डमधले स्वर एकदम वाजवले की ॲम्प्लिफायरमध्ये भांडतात ना? मग ते एकदम वाजवायचेच नाहीत. एक तार वाजवून ध्वनिमुद्रित करायची, मग दुसरी, मग तिसरी, आणि नंतर ती एकत्र करायची. प्रत्येक तार आपापल्या डिस्टॉर्शनमधून एकटी गेलेली असल्यामुळे बेरीज-वजाबाकीचे गढूळ स्वर तयारच होत नाहीत. गिटारची धार राहते आणि गंधारही स्वच्छ ऐकू येतो. शीर्षकगीतात हे सर्वात सुंदर जमलं आहे. त्यातल्या गिटारी ऐकल्या की पाण्यावर ऊन चमकावं तशा लुकलुकतात.

यात एका छोट्या यंत्राचाही वाटा आहे. बॉस्टन या बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला, पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारा इंजिनिअर. त्याने आपल्या घराच्या तळघरात बराचसा ध्वनिमुद्रित केलेला पहिला अल्बम १९७६ साली आला आणि प्रचंड खपला. पुढे त्याने रॉकमन नावाचा, कमरपट्ट्याला अडकवता येईल एवढा, हेडफोनवर ऐकायचा ॲम्प्लिफायर बनवला. ‘हिस्टेरिया’तल्या गिटारींचा मोठा भाग याच रॉकमनमधून गेला. मोठ्या ॲम्प्लिफायरचा घुमारा त्याला नाही. त्याचा आवाज नेमका, काहीसा पातळ आणि काठ रेखीव असलेला. असे थर एकावर एक रचता येतात. मोठ्या घुमाऱ्याचे थर रचले असते तर दुसऱ्या-तिसऱ्या थरालाच चिखल झाला असता.

कामाचा क्रमही उलटा होता. साधारणपणे ड्रम आणि बेस आधी मुद्रित होतात आणि गाणं त्यावर चढतं. इथे यंत्रावरच्या तात्पुरत्या ठेक्यावर गिटारी आणि आवाज आधी झाले, अंतिम ड्रम शेवटी आले. गवंड्याने आधी खिडक्या बसवाव्यात आणि मग पाया खणावा तसं हे झालं. पण त्यामुळे प्रत्येक ठोका चालीला साजेसा घालता आला. चाल इथे मालकीण आहे आणि ठेका तिच्या दिमतीला.

वाट पाहायला लावणारं ध्रुवपद

मराठी भावगीत ऐकणाऱ्यांना मुखडा आणि अंतरा यांची सवय असते. मुखडा आधी येतो, ओळख होते, मग अंतरा लांब फिरून पुन्हा त्याच्याकडे येतो. मेलडिक हार्ड रॉकची रचना याच्या उलट चालते. आधी कडवं येतं, तेही बेताचं, पुष्कळदा गिटारी मागे ठेवून. मग एक मधला टप्पा येतो. त्यात सूर चढत जातो, कॉर्ड बदलतात, पण गाणं मुक्कामाला पोहोचत नाही. आणि मग ध्रुवपद कोसळतं. हा मधला टप्पा, ज्याला प्री-कोरस म्हणतात, लँगचं बलस्थान आहे. ‘लव्ह बाइट्स’मध्ये तो इतका ताणलेला आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ध्रुवपद आलं असं दोनदा वाटून जातं. हे गाणं लँगने आणलं तेव्हा त्याची धाटणी अमेरिकी कंट्री संगीताची होती. बँडने त्याला वजन दिलं. ऑक्टोबर १९८८मध्ये ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

लय हीदेखील लक्ष देण्याजोगी. मोठ्या आवाजाचं संगीत म्हणजे वेगवान, असा एक समज आहे. ‘पोर सम शुगर ऑन मी’ हे या अल्बमचं सर्वात गाजलेलं गाणं मिनिटाला साधारण ८५ ठोक्यांचं आहे, म्हणजे शांत चालणाऱ्या माणसाच्या पावलांपेक्षाही सावकाश. दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा राहते आणि त्या जागेत प्रतिध्वनी पूर्ण उमलून विरतो. घाई नसलेला दणका, असं मी त्याला म्हणेन. मे महिन्याच्या दुपारी अंगात जेवढी गती असते, तेवढीच या गाण्याला आहे. ते सर्वात शेवटी, काम जवळपास आटोपल्यावर सुचलं. इलियट एकटाच गिटारवर काहीतरी गुणगुणत होता, ते लँगच्या कानावर पडलं आणि तीन वर्षं रखडलेल्या अल्बमचं सर्वात मोठं गाणं झटपट तयार झालं.

रिक ॲलनचा डावा पाय

३१ डिसेंबर १९८४ रोजी शेफिल्डजवळ झालेल्या मोटार अपघातात ड्रमर रिक ॲलनचा डावा हात गेला. डॉक्टरांनी तो जोडला होता, पण संसर्ग झाल्यामुळे काढावा लागला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. बँडने दुसरा ड्रमर शोधला नाही. डाव्या हाताचं काम डाव्या पायाकडे देता येईल असा पेडलचा संच, इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या आधारे, त्याच्यासाठी बनवून घेतला गेला. १६ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधल्या कॅसल डॉनिंग्टनच्या मॉन्स्टर्स ऑफ रॉक या खुल्या मैदानावरच्या महोत्सवात तो हजारो लोकांसमोर वाजवायला बसला. ‘हिस्टेरिया’ हे नावही त्यानेच सुचवलं, अपघात आणि त्यानंतर वर्तमानपत्रांनी घातलेल्या धुमाकुळावरून.

ही हकीकत धैर्याची गोष्ट म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ती आहेच. पण तिचा आवाजाशीही संबंध आहे. एका हाताने भरगच्च, नक्षीदार ड्रम वाजवणं अवघड. त्यामुळे ठेके सुटसुटीत आहेत आणि प्रत्येक ठोका मोठा, स्वतंत्र, भोवती हवा असलेला. लँगला रचनेसाठी तशीच जागा हवी होती. माणसाची मर्यादा आणि निर्मात्याची गरज एका ठिकाणी येऊन मिळाली. ‘रॉकेट’ ऐका. तिथे ठेका मध्य आफ्रिकेतल्या बुरुंडीच्या ढोलवादनावरून सुचलेला आहे, आणि संपूर्ण गाणं त्या ढोलांवर चालतं.

१९८८चा अमेरिकी उन्हाळा

ब्रिटनमध्ये अल्बम आल्याबरोबर पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत तसं झालं नाही. तिथे पहिलं सिंगल म्हणून ‘विमेन’ पुढे केलं गेलं आणि ते ८०व्या क्रमांकाच्या वर सरकलं नाही. एवढा खर्च झालेला अल्बम बुडतो की काय, अशी धास्ती होती. १९८८च्या वसंतात ‘पोर सम शुगर ऑन मी’ आलं, त्याची मैफलीतली चित्रफीत एमटीव्हीवर सतत दिसू लागली, आणि जुलै १९८८मध्ये, प्रकाशनानंतर जवळपास वर्षभराने, ‘हिस्टेरिया’ अमेरिकेच्या अल्बम यादीत पहिला आला. शाळा-कॉलेजांना सुट्टी, उघड्या काचांच्या मोटारी, समुद्रकिनारे, मैदानातल्या मैफली, आणि सगळीकडे हे एकच गाणं. तिथल्या एका पिढीच्या डोक्यात हा अल्बम आणि ऊन यांची गाठ तेव्हा पडली.

हा योगायोग म्हणावा, तर या शाखेतले इतर मोठे अल्बमही बघा. बॉस्टनचा पहिला अल्बम ऑगस्ट १९७६चा. बॉन जोव्हीचा ‘स्लिपरी व्हेन वेट’ ऑगस्ट १९८६चा. उत्तर गोलार्धातल्या थंड देशांत खुल्या हवेतली मैफल उन्हाळ्यातच होऊ शकते. गाणं मैदानासाठी लिहायचं तर ते उन्हासाठीच लिहिलं जातं.

आपलं पंचांग वेगळं. त्यांचा जुलै-ऑगस्ट म्हणजे आपला आषाढ-श्रावण. पण ध्वनीच्या दृष्टीने आपला चैत्र-वैशाख त्यांच्या जुलैच्या जवळ आहे. त्याचं कारण असं.

उन्हाळ्यात आपण शांततेत काही ऐकतच नाही. खिडक्या उघड्या, डोक्यावर पंखा, बाहेर रस्ता, किंवा धावती गाडी आणि कानाशी वारा. वाऱ्याची घरघर आणि इंजिनाचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीत असतो, त्यामुळे तो आधी बेस गिळतो. बंद खोलीत भिंती बेसला उठाव देतात. उघड्यावर तो उठाव मिळत नाही आणि बेस हवेत पसरून जातो. संगीतातले हळुवार भाग पंख्याखाली बुडतात. एखादी संथ आलापी मन लावून ऐकायची असेल तर पंखा बंद करावा लागतो, हा अनुभव बहुतेकांना असेल. मग टिकतं काय? माणसाचा कान सेकंदाला साधारण २००० ते ५००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वात तल्लख असतो. शब्दांची स्पष्टता, गिटारची धार, ड्रमचा कडका, सगळं याच पट्ट्यात येतं. ‘हिस्टेरिया’चं सगळं वैभव तिथेच साठवलेलं आहे. शिवाय त्यात लहान आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी ठेवलेलं आहे, त्यामुळे कडवंही पंख्याच्या वर राहतं.

या अल्बमवर एक आक्षेप घेतला जातो की तो फार चकचकीत आहे, त्यात बेसचं वजन कमी आहे. बंद खोलीत, महागड्या स्पीकरवर, रात्रीच्या शांततेत ऐकलं तर मलाही तो थोडा पातळ वाटतो. पण तोच अल्बम पुण्याहून कोकणात उतरताना, ताम्हिणी ओलांडल्यावर काचा खाली करून लावा. बेस वाऱ्याने नेलेला असतो आणि तरीही एकही ओळ हरवत नाही.

कसा ऐकावा

आधी प्रत योग्य आहे का ते बघा. रेकॉर्ड कंपनीशी करारावरून वाद असताना बँडने काही जुनी गाणी २०१२-१३मध्ये पुन्हा गाऊन काढली. मूळ ध्वनिमुद्रणं इंटरनेटवरच्या सेवांवर अधिकृतपणे जानेवारी २०१८मध्ये आली. त्यामुळे शोधताना १९८७चा मूळ अल्बम निवडा. नव्या आवृत्त्या हुबेहूब करण्याचा प्रयत्न चांगला आहे, पण तीन वर्षांचे थर पुन्हा तसे बसत नाहीत.

पहिल्यांदा हेडफोनवर ऐकू नका. खोलीत किंवा गाडीत, मोकळ्या हवेत, निम्म्याहून थोड्या जास्त आवाजात लावा आणि काम करत राहा. चाली आपोआप बसतात. जुन्या एलपीची पहिली बाजू म्हणजे सुरुवातीची सहा गाणी: ‘विमेन’, ‘रॉकेट’, ‘ॲनिमल’, ‘लव्ह बाइट्स’, ‘पोर सम शुगर ऑन मी’, ‘आर्मागेडन इट’. सातपैकी सहा सिंगल्स याच बाजूवर आहेत. वेळ थोडा असेल तर एवढंच ऐका.

दुसऱ्यांदा हेडफोन लावा आणि फक्त ‘ॲनिमल’ ऐका. डाव्या आणि उजव्या कानात दोन वेगळ्या गिटारी आहेत. क्लार्क आणि कॉलन एकच गोष्ट दुहेरी वाजवत नाहीत. एक वाक्य सुरू करतो, दुसरा ते पूर्ण करतो. मग ध्रुवपदात इलियटच्या मुख्य आवाजाखाली किती आवाज आहेत ते मोजायचा प्रयत्न करा. मोजता येणार नाहीत, पण गंधार कुठून येतोय ते नक्की सापडेल.

दुसरी बाजू मिश्र आहे. ‘गॉड्स ऑफ वॉर’ युद्धखोरीवर आहे, त्यात रेगन आणि थॅचर यांच्या भाषणांचे तुकडे ऐकू येतात, आणि त्याची गिटार अल्बमच्या उजेडात एक दाट सावली आणते. मला ते फार आवडतं. ‘डोन्ट शूट शॉटगन’ आणि ‘एक्सायटेबल’ मात्र इतरांच्या तोडीची नाहीत. एकही गाणं भरतीचं नको हा निश्चय इथे ढिला पडला. शब्दांबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. बरीच गाणी बाईकडे केवळ वासनेच्या नजरेने बघतात, आणि आज ते खटकतं. चालीवरचं प्रेम त्यामुळे कमी होत नाही, पण ते खटकणं मी झाकणारही नाही.

दहावं गाणं म्हणजे शीर्षकगीत. ते ऊन उतरल्यावरचं आहे. संध्याकाळी गच्चीवर, आवाज कमी करून. या गाण्यातल्या गिटारींची कोवळीक स्टीव्ह क्लार्कच्या वाजवण्यात होती. ८ जानेवारी १९९१ रोजी, वयाच्या ३०व्या वर्षी, तो गेला. त्यानंतरही बँडने चांगलं काम केलं, पण दोन गिटारींमधला तो संवाद पुन्हा तसा ऐकायला मिळाला नाही.

आपल्याकडेही याच सुमारास ही शैली मूळ धरत होती. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनाच्या उघड्या मंचावर रॉकच्या मैफली होत. रॉक मशीन हा मुंबईचा बँड, उदय बेनेगल गायक आणि महेश तिनईकर गिटारवर, इंग्रजीत स्वतःची गाणी करत होता आणि त्यांचा पहिला अल्बम १९८८ सालचाच. मोठं ध्रुवपद, सुरेल गिटार, घोळक्याने गाता येतील अशा ओळी. पुढे हाच बँड इंडस क्रीड झाला. ‘हिस्टेरिया’ आवडला तर त्यांची सुरुवातीची गाणी मुद्दाम शोधून ऐका.

आणि ही अडचण कशी सुटत गेली ते क्रमाने ऐकायचं असेल तर डेफ लेपर्डचेच तीन अल्बम पाठोपाठ लावा. ‘हाय अँड ड्राय’, १९८१. ‘पायरोमेनिया’, १९८३. मग ‘हिस्टेरिया’. तिन्हींचा निर्माता लँगच. पहिल्यात पाच पोरं एका खोलीत वाजवताहेत असं वाटतं, सा आणि प यांचं राज्य आहे, गिटारी कच्च्या आणि मस्त आहेत. दुसऱ्यात ध्रुवपदांमध्ये आवाजांचे थर चढू लागतात. तिसऱ्यात गिटारही गाऊ लागलेली असते. तिन्ही मिळून साधारण अडीच तास होतात, म्हणजे सुट्टीच्या दिवशी जेवणानंतर सुरू केलं तर चहाच्या वेळेपर्यंत आटपतं.